तारेचा वळ

माझ्याकडच्या फायकसच्या, म्हणजे वड-पिंपळाच्या कुळातल्या एका बोनसायच्या, डावीकडच्या पहिल्या फांदीवर एक वळ आहे. गोल जिन्यासारखा तो फांदीभोवती फिरत जातो, साडेचार वेढे घेतो आणि टोकाच्या जरा अलीकडे विरतो. पाहुण्यांना वाटतं, झाडाची जातच तशी असावी. एका मैत्रिणीने तर कौतुकाने विचारलं, "हे डिझाइन कसं गं केलंस?" मी हसून वेळ मारून नेली. खरं तर तार काढायची राहून गेली होती.

बोनसायचा विषय निघाला की लोक संयमाबद्दल बोलू लागतात. मला ते फारसं पटत नाही. संयम बसची वाट पाहतानाही लागतो, आणि त्यातून काही उगवत नाही. बोनसायला लागते ती हजेरी. रोज एकदा, उन्हाळ्यात दोनदा, झाडासमोर जाऊन उभं राहायचं. बहुतेक दिवशी काही करायचं नसतंच. माती बोटाने चाचपायची, एखादं पिवळं पान उचलायचं, पानांच्या खालची बाजू बघायची की परत फिरायचं. पण ज्या दिवशी करायचं असतं, नेमके त्या दिवशी तुम्ही तिथे असायला हवं. नसलात तर झाड ते लिहून ठेवतं.

माझं पहिलं झाड एक ज्युनिपर होतं, सूचिपर्णी जातीचं, कुणीतरी भेट दिलेलं. मी ते पुस्तकांच्या कपाटावर ठेवलं, कारण तिथे ते शोभत होतं. रोज थोडं थोडं पाणी घालत होते. दीड-दोन महिने ते हिरवंगार दिसलं. एक दिवस हात लागला तर पालवी चुरचुरली. नखाने खोडाची साल किंचित खरवडून पाहिली. जिवंत झाडात सालीच्या लगेच खाली एक ओला, हिरवट थर दिसतो. तिथे कोरडं तपकिरी लाकूड होतं.

ते घेऊन मी अण्णांकडे गेले. अण्णा म्हणजे निवृत्तीनंतर गच्चीवर तीसेक बोनसाय सांभाळणारे गृहस्थ, सगळ्यांचेच अण्णा. त्यांनी फांदी वाकवली, वास घेतला आणि विचारलं, "पाणी घालत होतीस?"

"रोज."

"मेल्यावरही?"

मला उत्तर सुचेना. मग त्यांनीच सांगितलं की सूचिपर्णी झाडं हा दगा देतात. मुळं गेली तरी पानं कित्येक आठवडे हिरवी राहतात. मी महिनाभर एका मृत झाडाची सेवा केली होती. शिवाय ज्युनिपर घरात जगत नाही. त्याला बाहेरचं ऊन हवं, वारा हवा आणि हिवाळ्यातली थंडीही हवी. आपल्या डोळ्यांना खोलीतला उजेड पुरेसा वाटतो, कारण डोळे जुळवून घेतात. पानांना ती सोय नाही.

जपानी भाषेत 'बोन' म्हणजे पसरट तबक आणि 'साय' म्हणजे लागवड. म्हणजे नाव झाडाचं नाही, मांडणीचं आहे. ही कल्पना जपानच्याही आधीची, चीनमधली. तिथल्या तांग राजघराण्यातला राजपुत्र झांगहुआय याच्या इ.स. ७०६ मधल्या थडग्यात एक भित्तिचित्र आहे. त्यात सेवक हातात तबक घेऊन चालले आहेत आणि तबकात दगड आणि इवलीशी झाडं आहेत. मराठीत आपण 'वामनवृक्ष' म्हणतो. मला तो शब्द आवडतो, पण त्यात एक गफलत आहे. बोनसायचं झाड जातीने बुटकं नसतंच. तेच उद्या जमिनीत लावलं तर काही वर्षांत घराच्या वर जाईल. त्याच्या बियांतूनही साधी, मोठी होणारी झाडंच उगवतील. वामनही शेवटी तीन पावलांत सगळं व्यापून बसला होता म्हणा.

जपानी माळ्यांत एक म्हण आहे: पाणी घालायला शिकायला तीन वर्षं. मला आधी हा शिष्यांना राबवून घेण्याचा बहाणा वाटला होता. मग अण्णांनी भांडी घासायच्या स्पंजचा प्रयोग करून दाखवला. आयताकृती स्पंज पाण्यात पूर्ण भिजवायचा, आडवा धरायचा आणि थेंब पडायचे थांबेपर्यंत थांबायचं. मग तोच स्पंज उभा करायचा. न पिळता पुन्हा धार लागते. स्पंज तोच, पाणी तेच, फक्त उंची बदलली.

कुंडीतल्या मातीचंही असंच. तळाशी पाण्याचा एक थर अडकून राहतो, तो खालच्या भोकातून निघून जात नाही. उंच कुंडीत हा थर मुळांच्या खूप खाली असतो. बोनसायच्या दोन इंच खोल तबकात मात्र तो जवळजवळ अर्ध्या मातीपर्यंत येतो, आणि मुळं त्यात गुदमरतात. मुळांना पाण्याइतकीच हवाही लागते, हे मी ज्युनिपर गमावून शिकले. म्हणून बोनसायला बागेतली माती चालत नाही. विटांचा चुरा, जाडसर वाळू, लाव्हाचे खडे, मिळाल्यास 'अकादामा' नावाची दाणेदार जपानी माती, यांतलं जे हाताशी असेल ते चाळून घ्यायचं आणि साधारण तीन ते पाच मिलिमीटरचे दाणे तेवढे ठेवायचे. धूळ टाकून द्यायची. ती धूळ टाकताना सुरुवातीला फार जिवावर यायचं, कारण तीच तर खरी माती दिसते. पण दाण्यांच्या मधल्या पोकळ्या ती बुजवते आणि सगळ्याचा चिखल होतो.

अशा खडबडीत मिश्रणातून पाणी भसकन निघून जातं. म्हणून रोज घालावं लागतं. आणि घालायचं तर भरपूर, तळातून वाहीपर्यंत, म्हणजे पाणी खाली उतरताना वरून नवी हवा आत ओढली जाते. थोडं थोडं शिंपडणं हा सगळ्यात वाईट प्रकार. वर ओलं दिसतं, आतला गोळा कोरडाठाक. आणि 'रोज' याचा अर्थ घड्याळ लावून नव्हे. ढगाळ दिवशी, छाटणीनंतर, पानगळीत झाड कमी पितं. रोज बघायचं, गरज असेल तर घालायचं. त्या तीन वर्षांत हे बघणं शिकतात.

आई पहिल्यापासून या सगळ्याच्या विरोधात. "मोठं व्हायचं झाड ते. वाटीत कोंबून ठेवलंस."

"कुंपणाची झाडं दर महिन्याला कापतातच की, आई."

"कापतात. पण त्यांच्यासमोर उभं राहून कुणी वाहवा करत नाही."

याला माझ्याकडे आजही नीट उत्तर नाही. मी तिला इतकंच सांगू शकते की उपाशी ठेवून झाड बुटकं होत नाही, मरतं. कुंडीतल्या दाण्यांत अन्न जवळपास नसतंच, त्यामुळे वाढीच्या हंगामात नियमित खत द्यावं लागतं. मी छाटलेल्या झाडाला नवी पालवी फुटते ती त्याच्याकडे साठा असतो म्हणून. अशक्त झाडाची छाटणी करायची नसते. मुळंही कापतो ती खुंटवण्यासाठी नव्हे. कुंडीत मुळं गोल गोल फिरत एकमेकांना आवळू लागतात. दोन-तीन वर्षांनी झाड बाहेर काढून गुंता सोडवायचा, साधारण तिसरा हिस्सा कमी करायचा, जाड मुळं कापायची आणि बारीक तंतुमुळं राखायची. पाणी पिण्याचं काम तीच करतात. जुन्या पाईनला तर चार-पाच वर्षं हात लावू नये. कापल्यावर नवी मुळं फुटतात, नव्या दाण्यांत शिरतात आणि झाडाला पुन्हा जागा मिळते. बरीच बोनसाय आपल्या रानातल्या भावंडांपेक्षा जास्त जगतात, ते यामुळे.

छळ नाही, असं मी म्हणत नाही. झाडाला काय वाटतं हे मला ठाऊक नाही आणि आईलाही नाही.

फांद्यांचं गणित मात्र मजेदार आहे. शेंड्याचा डोळा, म्हणजे तिथला कोंब, ऑक्सिन नावाचं द्रव्य तयार करतो आणि ते खाली उतरत राहतं. ते उतरत असेपर्यंत खालचे डोळे झोपून असतात. घरातला कर्ता बैठकीत बसलेला असताना धाकटे तोंड उघडत नाहीत, तसं. शेंडा खुडला की आठ-पंधरा दिवसांत खालच्या दोन-तीन पेरांवर हिरवे ठिपके दिसू लागतात. प्रत्येक ठिपका एक डहाळी. तिचा शेंडा पुन्हा खुडायचा. असं करत एकाच्या दोन, दोनाच्या चार होत घनदाट माथा तयार होतो. शक्ती इतक्या टोकांत वाटली गेली की पानंही लहान येतात. फुलं आणि फळं मात्र लहान होत नाहीत. वीतभर उंचीच्या झाडावर पूर्ण वाढलेलं डाळिंब लटकलेलं पाहिलं की हसू येतं.

आणि जाड बुंधा? तो तबकात कधीच तयार होत नाही, हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर माझी चार वर्षं वाचली असती. बुंधा जाड होतो पानांच्या जोरावर. त्यासाठी झाड जमिनीत किंवा मोठ्या कुंडीत मोकळं सोडावं लागतं. खालची एखादी फांदी बळी देण्यासाठीच वाढवायची, पुरुषभर उंच जाऊ द्यायची, आणि बुंधा मनासारखा झाला की ती मुळापासून उडवायची. आपण ज्याला 'लहान झाड' म्हणून कौतुकाने बघतो ते पुष्कळदा एका मोठ्या झाडाचं उरलेलं बूड असतं. मी मात्र काडीएवढं रोप थेट तबकात लावून बुंधा कधी फुगतोय याची वाट पाहत बसले होते.

आता तार.

फांदी हवी त्या दिशेला वळवायला तांब्याची किंवा अ‍ॅल्युमिनियमची तार वापरतात. जाडी फांदीच्या साधारण एक तृतीयांश. तारेचं टोक आधी बुंध्याला अडकवायचं, मग पंचेचाळीस अंशांच्या तिरक्या वेढ्यांनी फांदीवर न्यायचं. फार सैल नाही, फार घट्ट नाही. मग दोन्ही हातांच्या अंगठ्यांनी आतून आधार देत हळूहळू वाकवायचं. आतून बारीक 'कर्र' असा आवाज आला की थांबायचं. पहिल्यांदा तो आवाज आला तेव्हा माझ्या पोटात खड्डा पडला होता. काही महिन्यांत फांदीवर नव्या लाकडाचा थर चढतो, तो वाकलेल्या आकारातच चढतो, आणि तार काढली तरी फांदी तिथेच राहते.

तार फांदीत रुतली असं आपण म्हणतो. तार जागची हलत नाही. फांदीच तिच्याभोवती फुगते. फायकस भर वाढीत असला तर काही आठवड्यांतच ही वेळ येते. म्हणून तारा बांधलेलं झाड रोज बघायचं, आणि सालीवर पहिली चमक दिसली की तार पक्कडीने तुकडे करून काढायची. उलगडत बसायचं नाही. उलगडताना डोळे मोडतात.

त्या उन्हाळ्याच्या तोंडाशी मी फायकसच्या डाव्या फांदीला तार घातली आणि दहाव्या दिवशी आई पडली. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन, मग वॉकर, मग काठी. अडीच महिने मी तिच्याकडे होते. माझी झाडं शेजारच्या काकूंवर सोपवली होती. त्यांनी एक दिवसही पाणी चुकवलं नाही, आणि खतही मी लिहून दिलं होतं तसं घातलं. त्या खतपाण्याने फायकस असा तरारला की माझ्या हातून कधी तरारला नसता. तारेबद्दल त्यांना सांगायला मी विसरले. खरं म्हणजे तार मला आठवतच नव्हती.

परत आले तेव्हा दोन वेढे दिसतच नव्हते. त्यांच्यावरून साल दोन्ही बाजूंनी येऊन मिळाली होती. अख्खी दुपार मी पक्कड आणि चिमटा घेऊन बसले. तुकडा ओढला की पांढरा चीक वाहायचा, पुसला की पुन्हा वाहायचा. नखाएवढा एक तुकडा काही केल्या निघेना. अण्णांना फोन केला.

"राहू दे आत," ते म्हणाले. "गिळेल ते."

"आणि जखम भरेल ना?"

"झाडाची जखम भरत नाही गं. झाकली जाते."

हे मला त्यांचं काव्य वाटलं होतं. पुढे वाचलं तर ते निव्वळ शास्त्र निघालं. अ‍ॅलेक्स शिगो नावाच्या अमेरिकी वनवैज्ञानिकाने करवतीने हजारो झाडं उभी चिरून पाहिली आणि १९७०च्या दशकात हे मांडलं. आपल्या कातडीला खरचटलं तर तिथे नव्या पेशी येऊन जागा पूर्ववत होते. झाडात तशी सोय नाही. लाकूड एकदा दुखावलं की ते कायमचं दुखावलेलं. झाड करतं काय, तर त्या भागाभोवती भिंती घालतं, म्हणजे कूज पुढे सरकू नये; आणि बाहेरून नवा थर चढवत जातं. वरून पाहिलं तर काही दिसत नाही. आडवं कापलं तर चाळीस वर्षांपूर्वीचा घाव त्या त्या वर्षाच्या वलयात जसाच्या तसा सापडतो, तारखेसकट म्हणावं असा.

हे कळल्यापासून माझा हात बदलला. फांदी कापताना मी आता जरा खोलगट काप घेते, म्हणजे कडेने येणारी नवी साल उंचवटा न करता सपाट मिळते. कात्री आधी स्पिरिटने पुसते. आणि जुन्या ज्युनिपरवरचं पांढरं मृत लाकूड वेगळ्या नजरेने बघते. जपानी लोक मेलेल्या फांदीला 'जिन' आणि बुंध्यावरच्या मृत पट्ट्याला 'शारी' म्हणतात. ते झाकण्याऐवजी ते उघडं ठेवतात, गंधक आणि चुन्याचं द्रावण लावून टिकवतात, आणि त्या हाडासारख्या लाकडाला वेढा घालत एक जिवंत लाल-तपकिरी शीर वर जाताना दिसते. नवखी माणसं हे बघून आल्या आल्या सुरी उचलतात आणि फायकस कोरायला घेतात. करू नये. ज्युनिपरचं लाकूड राळेमुळे टिकतं, फायकसचं मऊ लाकूड कुजतं.

वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय वृक्षोद्यानात बोनसायचं संग्रहालय आहे. तिथे एक जपानी पांढरा पाईन आहे, १६२५पासून घडवला जात असलेला. १९७६ मध्ये अमेरिकेच्या द्विशताब्दीनिमित्त जपानहून त्रेपन्न बोनसाय भेट आली, त्यांत तो होता. देणारे मासारू यामाकी. पंचवीस वर्षं तो तिथल्या बाकीच्या झाडांसारखाच एक होता. २००१ मध्ये यामाकींचे नातू आजोबांचं झाड बघायला आले आणि तेव्हा कळलं, की ६ ऑगस्ट १९४५च्या सकाळी हा पाईन हिरोशिमात होता. स्फोटाच्या जागेपासून साधारण तीन किलोमीटरवर, यामाकींच्या रोपवाटिकेत. घराच्या काचा फुटून आतल्या माणसांना लागलं. रोपवाटिकेच्या भिंतीआड असलेली झाडं वाचली.

मी त्या झाडाची छायाचित्रं मोठी करकरून पाहिली आहेत. कुठे काही दिसतं का ते शोधत होते. दिसत नाही. जाड, शांत बुंधा आणि त्यावर हिरव्या सुयांचा घुमट. ज्यांनी ते दिलं त्यांनीही देताना काही सांगितलं नाही. कुणाला दिलं हे लक्षात घेतलं तर ते न सांगणं मला फार मोठं वाटतं. आणि त्याच वेळी असंही वाटतं, की त्यांच्या दृष्टीने सांगण्यासारखं होतं ते कदाचित एवढंच: याला रोज पाणी घाला.

यंदा फायकसची कुंडी बदलायची होती. आई राहायला आली होती. काठी खुर्चीला टेकवून ती बाल्कनीत बसली आणि मी झाड उपटून जमिनीवर घेतलं. मुळं धुतली तेव्हा बुंध्याचा पसारा पहिल्यांदा नीट दिसला. बोनसायला एक दर्शनी बाजू असते, जिथून मुळं पसरलेली दिसतात आणि शेंडा किंचित आपल्याकडे झुकतो. इतकी वर्षं मी मानलेली दर्शनी बाजू चुकीची होती. खरी बाजू जवळजवळ काटकोनात होती, आणि झाड तसं फिरवलं की वळाची फांदी थेट पुढे येत होती. मी ते दोनदा फिरवून पाहिलं. मुळांपुढे इलाज नव्हता.

"हा वळ कसला गं?" आईने विचारलं.

"तार काढायची राहिली होती."

"तुझ्याकडून? तू तर भिंग घेऊन बसतेस."

"राहिली. अडीच महिने."

तिने वाकून अंगठा त्या वेढ्यांवरून फिरवला. एका जागी थांबला, तिथे जरा फुगवटा आहे. तुकडा तिथेच आहे.

"कुठला उन्हाळा?"

मी दाणे काडीने मुळांच्या मधे बसवत होते. "तोच," म्हटलं.

ती काही बोलली नाही. मी झाड तारेने कुंडीला बांधलं, वरचे दाणे सारखे केले.

"आता पाणी?" तिने विचारलं.

"हो, लगेच. खालून स्वच्छ पाणी येईपर्यंत."

एक हात काठीवर ठेवून तिने दुसऱ्या हाताने झारी उचलली. पहिलं पाणी गढूळ आलं, तांबूस. मग फिकट.

"आलं का?"

"अजून थोडं."